धूर कुंपण पाळत नाही

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देतो. गेल्या जुलैत आपल्यातल्याच एका घरच्या बार्बेक्यूला कणसं भाजून झाली आणि उरलेल्या निखाऱ्यांवर प्लास्टिकची पहिली प्लेट मीच टाकली. "कचऱ्याच्या पिशव्या कशाला भरायच्या?" असं म्हणत मागून दहा-बारा जणांनी चमचे, ग्लास, चिप्सची पाकिटं ओतली. काळा धूर उठला. पाच मिनिटांत माझी नऊ वर्षांची दमेकरी लेक छाती धरून माझ्याकडे आली. गाडीच्या काचा बंद करून आम्ही इन्हेलर घेत बसलो होतो, तेवढ्यात फायर ब्रिगेडची गाडी आली. शेजाऱ्यांनी फोन केला होता.

नंतर महिनाभर जिथे जावं तिथे हाच विषय. "शेजारी खडूस आहे", "आपण देशी म्हणून तक्रार केली", "स्वतःच्या अंगणातही या देशात स्वातंत्र्य नाही!" त्या धुरात काय होतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी नियम बघू. मॅसॅच्युसेट्समध्ये घरचा कचरा उघड्यावर जाळायला बारा महिने बंदी आहे. झाडांच्या फांद्या, काटक्या जाळता येतात, पण फक्त १५ जानेवारी ते १ मे या काळात, सकाळी १० ते दुपारी ४, घरांपासून ७५ फूट लांब, आणि गावच्या फायर डिपार्टमेंटचं परमिट काढून. वाळकी पानं आणि गवत त्यातही चालत नाही. बॉस्टन, वूस्टर, लोवेल धरून २२ दाट वस्तीच्या गावांत तर तेवढीही मुभा नाही. स्वयंपाकापुरता विस्तव राज्याच्या नियमात बसतो. म्हणजे आपली कणसं कायदेशीर होती, प्लेट्स नव्हत्या!

"एवढ्याशा धुराने काय होतंय?" हा पहिला युक्तिवाद. कचरा भस्मीकरणाच्या प्रकल्पात प्रचंड उष्णता असते आणि धूर गाळायची यंत्रणा असते. आपल्या अंगणातली आग धुमसते आणि चिमणी म्हणजे शेजाऱ्याचं नाक. अशा धुमसत्या कचऱ्यातून डायॉक्सिन तयार होतं. ते गवतावर बसतं, गाईच्या पोटात जातं आणि दुधातून आपल्याच घरी परत येतं. ईपीएच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं, की पिंपात रोज कचरा जाळणारी काही डझन घरंसुद्धा आधुनिक यंत्रणा असलेल्या एका मोठ्या भस्मीकरण प्रकल्पाइतकं डायॉक्सिन हवेत सोडू शकतात. आता सांगा, एवढासा धूर कुणाचा?

दुसरा युक्तिवाद माझ्या वडिलांचा. साताऱ्याहून आले की ऑक्टोबरात त्यांचे हात शिवशिवतात. "पाचोळा जाळायला परवानगी? आपल्याकडे कुणी विचारत नाही!" दादा, विचारतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. कायदा तिथेही झाला, फरक फोन करणाऱ्या शेजाऱ्याचा आहे. पुण्याला गेलो की "काय हे प्रदूषण!" म्हणून नाकाला रुमाल लावणारे आपण, आपल्याच सोसायटीच्या आवारात रोज सकाळी पेटणाऱ्या पाचोळ्याबद्दल चेअरमनला किती वेळा बोललो?

मला खरी चीड येते ती याची, की आपण इथे नियम पाळतो तो दंडाच्या भीतीने, पटलाय म्हणून नाही. भीती संपली की प्लेट निखाऱ्यावर जाते. कोडिंगमध्ये आम्ही दुसऱ्याच्या सिस्टिमवर आपला एरर ढकलत नाही, ढकलला तर रात्री फोन येतो. हवेच्या बाबतीत तो फोन शेजाऱ्याने केला, तर तो खडूस कसा?

कार्यकारिणीला माझ्या दोनच सूचना. पुढच्या पिकनिकला प्रत्येकाने घरून आपापलं ताट-वाटी आणावं. लहानपणी श्रावणी सहलीला नेत होतोच की! आणि पाचोळ्यावर सरळ लॉनमोअर फिरवा, चुरा तिथेच राहू द्या, त्याचं खत होतं. उरलेला कंपोस्टला टाका.

त्या शेजाऱ्यांकडे मी दिवाळीचा फराळ घेऊन गेलो होतो, माफीसकट. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तुमची मुलगी बरी आहे ना?"