हसवणाऱ्याचं नाव काय?

मैत्रिणींनो, ‘चला हवा येऊ द्या’मधला पोस्टमन आठवतो ना? २०१४मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात सागर कारंडे पत्र वाचायचे आणि हसता हसता आपला पदर डोळ्यांना लागायचा. पण ती पत्रं लिहिली कुणी? अरविंद जगताप यांनी. हे नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? शेवटी नावं सरसर सरकतात, तोवर आपण भांडी आवरायला उठलेल्या असतो!

म्हणून लेखनाचा पुरस्कार मला मोलाचा वाटतो. अमेरिकेत टीव्हीसाठी १९४९पासून ‘एमी’ पुरस्कार देतात. त्यात अशा गमतीजमतीच्या कार्यक्रमांच्या लेखनाला वेगळं बक्षीस असतं, तेही अख्ख्या लेखकमंडळींना, नावानिशी. २००२मध्ये ते ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ला मिळालं, तेव्हा तिथल्या मुख्य लेखकांत टीना फे होती. त्या कार्यक्रमात या जागेवर पोहोचलेली ती पहिली बाई.

आपल्याकडे साडी नेसलेला पुरुष बायकांच्या जाडीवर विनोद करतो, आणि आपणही हसतो. तोच प्रसंग बाईनं लिहिला, तर हसू वेगळं येईल. उखाण्यात, मंगळागौरीत आपण काय कमी हजरजबाबी असतो का?

आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी. पण सातशे वर्षांपूर्वी तिनं अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा बायांनो, विनोद नुसते सांगू नका, लिहा. आणि खाली नाव घाला!