विश्लेषण : डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट म्हणजे तपासणी का? नियम काय सांगतात?

रक्ताचा रिपोर्ट लॅबकडून मोबाइलवर येतो आणि तसाच डॉक्टरांना फॉरवर्ड केला जातो. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तरात कधी ‘नॉर्मल आहे’ असे येते, कधी एका गोळीचे नाव, तर कधी नुसता अंगठा. कधी काहीच येत नाही आणि घरातले सगळे त्या निळ्या खुणांकडे पाहत बसतात. शहरात असो वा तालुक्याच्या गावी, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला बराचसा व्यवहार आता असाच चालतो. पण त्या अंगठ्याला वैद्यकीय सल्ला म्हणायचे का? तो चुकला तर जबाबदार कोण? आणि त्याची नोंद कुठे राहते?

डॉक्टर मोबाइलचा वापर नेमका कशासाठी करतात?

रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टर मोबाइल पाहू लागले, की अनेकांना राग येतो. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा औषधाचा डोस पाहत असतात. पूर्वी टेबलावर ‘सिम्स’सारखी औषधांची जाडजूड पुस्तिका असायची. डॉक्टर ती उघडायचे तेव्हा कोणाला त्यात गैर वाटत नसे. आज तेच काम ॲपवर होते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला औषधाची मात्रा किती कमी करायची, आधीपासून चालू असलेल्या गोळीशी नवी गोळी जुळेल का, लहान मुलाच्या वजनानुसार किती मिलिलिटर द्यायचे, ही गणिते तोंडी करण्यापेक्षा पडताळून घेणे केव्हाही चांगले. मोबाइल पाहणारा डॉक्टर अनेकदा जास्त काळजी घेणारा असतो. फक्त ‘तुमच्या औषधाचा डोस पाहतोय’ एवढे तोंडाने सांगितले, तर समोरच्याचा गैरसमज होणार नाही.

दुसरा मोठा वापर डॉक्टरांच्या आपसातल्या संवादाचा. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला असलेला निवासी डॉक्टर एक्स-रेचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवतो. प्रत्येक युनिटचा वेगळा ग्रुप असतो. कोणत्या खाटेवरच्या रुग्णाला ताप आला, कोणाचे रक्त लागणार, उद्या शस्त्रक्रिया कोणाची, हे सगळे तिथेच ठरते. या ग्रुपशिवाय आज मोठ्या रुग्णालयाचे वॉर्ड चालवणे अवघड आहे.

मोबाइलला जोडता येणारी यंत्रेही आली आहेत. बोटे टेकवून हृदयाचा आलेख काढणारी छोटी पट्टी, कानाचा पडदा दाखवणारा कॅमेरा, खिशात मावेल असे सोनोग्राफीचे प्रोब. यातल्या सोनोग्राफीची गोष्ट भारतात निराळी आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. २०१२मध्ये नियम बदलून पोर्टेबल यंत्रांचा वापर नोंदणीकृत ठिकाणच्या दाखल रुग्णांपुरता आणि इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित करण्यात आला. त्यामुळे परदेशात डॉक्टर स्टेथोस्कोपसारखे गळ्यात अडकवून फिरतात ते यंत्र इथे खिशात घेऊन घरोघरी जाणे बेकायदा ठरते. बीडसारख्या जिल्ह्यांत जे घडले ते पाहता हा निर्बंध समजण्यासारखा आहे.

फोटो पाठवल्याने जीव कसा वाचतो?

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला थोडा स्नायू मरत जातो. गावातल्या डॉक्टरकडे ईसीजी यंत्र असले, तरी त्या आलेखातील बारकावे वाचण्याचा सराव असतोच असे नाही. छातीत जळजळ म्हणून आलेला माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी जातो आणि रात्री दगावतो, असे पूर्वी घडायचे, आजही घडते.

मंगळुरूचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांनी यावर साधा उपाय काढला. ‘कार्डिओलॉजी ॲट डोअरस्टेप्स’ या उपक्रमातून त्यांनी ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांना ईसीजी यंत्रे मिळवून दिली आणि तिथल्या डॉक्टरांना तज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपशी जोडले. आलेखाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि तज्ज्ञ काही मिनिटांत सांगणार, की हा झटका आहे की नाही, कोणते औषध आत्ताच द्यायचे आणि रुग्णाला कुठे हलवायचे. यासाठी नवे तंत्रज्ञान शोधावे लागले नाही. सगळ्यांच्या खिशात असलेलीच वस्तू वापरली गेली.

इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. या पद्धतीत फोटो पाठवणाराही डॉक्टरच असतो. रुग्ण त्याच्यासमोर असतो, त्याने नाडी आणि रक्तदाब पाहिलेला असतो. रुग्ण स्वतः घरून फोटो पाठवतो तेव्हा हा मधला माणूस नसतो.

रत्नागिरीचे प्रकरण काय होते?

मधला माणूस नसला तर काय होते, याची चर्चा २०१८मध्ये महाराष्ट्रात जोरात झाली. रत्नागिरीत सिझेरियन झालेल्या एका महिलेला घरी सोडल्यानंतर तिची प्रकृती बिघडली आणि तिला पुन्हा रुग्णालयात आणण्यात आले. तेव्हा तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर दाम्पत्य बाहेरगावी होते. फोनवरून सांगितलेल्या औषधांवर उपचार सुरू झाले आणि पुढे त्या महिलेचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी अटकपूर्व जामिनासाठी केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी फेटाळला. रोगाचे निदान न करता औषध लिहून देणे हा गंभीर निष्काळजीपणा ठरतो, असे न्यायालयाने म्हटले.

हा निकाल फक्त जामिनाच्या अर्जावरचा होता, दोष ठरवणारा नव्हता. तरी डॉक्टरांच्या वर्तुळात त्याने खळबळ उडाली. रात्री अकराला फोन करणाऱ्या ओळखीच्या रुग्णाला तापाची गोळी सांगायची की नाही, असा प्रश्न अनेकांना पडला. ‘फोनवर औषध सांगितले जाणार नाही’ अशी भूमिका काही डॉक्टरांनी घेतली.

मग २०२०मध्ये काय बदलले?

त्या निकालाला वीस महिने होत असताना देशात टाळेबंदी लागली. दवाखाने बंद आणि रुग्ण घरात अशा स्थितीत केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमावलीला ती जोडण्यात आली. व्हिडीओ, फोन आणि लिखित संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देणे त्यामुळे रीतसर वैध झाले. व्हॉट्सॲपचा उल्लेखही त्यात नावानिशी आहे.

म्हणजे शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी औषध सांगितले, तर तो वैद्यकीय सल्लाच ठरतो आणि प्रत्यक्ष तपासणीत जी जबाबदारी असते तीच इथेही असते. अंगठा दाखवून ‘तीच गोळी चालू ठेवा’ असे सुचवले तरीही.

मात्र कोणत्या मार्गाने कोणते औषध देता येईल, याची वर्गवारी केलेली आहे. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. पहिल्यांदाच भेटणाऱ्या रुग्णाला त्वचेचे मलम, डोळ्यांचे थेंब अशी ठरावीक औषधे द्यायची, तर व्हिडीओवर पाहणे आवश्यक आहे. त्याच आजारासाठी मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेट झाली असेल, तर तो पुढचा सल्ला मानला जातो आणि आधीच्या औषधात भर घालता येते. अंमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधे आणि ‘शेड्युल एक्स’मधील औषधे मात्र या मार्गाने लिहून द्यायची नाहीत.

ओळखीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. डॉक्टरांनी रुग्णाचे नाव, वय, पत्ता विचारायचा आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर द्यायचा, असे ही तत्त्वे सांगतात. सल्ल्याची सुरुवात रुग्णाने केली, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आई साताऱ्याजवळच्या गावात आणि मुलगा पुण्यातून तिचे रिपोर्ट पाठवतो, हे चित्र घरोघरी दिसते. आई शेजारी नसेल, तर तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार मुलाला आहे, हे आधी स्पष्ट झालेले असावे, अशी अपेक्षा आहे. डॉक्टरांशी एखाद्या प्रत्यक्ष भेटीत आईनेच तसे सांगितलेले असले तरी चालते. व्यवहारात हे क्वचितच पाळले जाते.

फीबद्दल मात्र सगळेच गप्प असतात. फीच्या दृष्टीने फोनवरचा सल्ला दवाखान्यातल्या भेटीसारखाच मानावा, योग्य ती फी घेता येते आणि पावती द्यावी, असे तत्त्वे म्हणतात. पण ‘डॉक्टर, फक्त एक मिनिट’ म्हणून पाठवलेल्या रिपोर्टचे पैसे मागणे डॉक्टरांना संकोचाचे वाटते, आणि मागितलेच तर रुग्णाला ते अपमानाचे वाटते. फुकट दिलेला सल्ला मग जेवताना किंवा गाडीत बसल्या बसल्या दिला जातो. तिथेच चुका होतात.

फोटोत काय दिसत नाही?

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो आकाराने लहान करते. एक्स-रेमधील केसाएवढी चीर त्यात पुसट होऊ शकते. २०२३मध्ये एचडी फोटोची सोय आली, तरी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे अधिक सुरक्षित. त्वचेचे चट्टे पिवळ्या बल्बखाली वेगळे दिसतात आणि उन्हात वेगळे. गडद त्वचेवर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही फसवा येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१मध्ये दिला होता. पोट दाबल्यावर रुग्णाचा चेहरा कसा होतो, हे तर कोणत्याच फोटोत येत नाही. म्हणूनच ‘प्रत्यक्ष येऊन दाखवा’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ती टाळाटाळ समजू नये. तसे सांगण्याचा अधिकार तत्त्वांनी त्यांना दिला आहे.

खरी अडचण कुठे आहे?

नोंदीत. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे २००२ची नियमावली सांगते. टेलिमेडिसिनच्या तत्त्वांनुसार फोनवरच्या संवादाची, रिपोर्टची आणि प्रिस्क्रिप्शनची नोंदही डॉक्टरांनीच ठेवायची आहे. प्रत्यक्षात ही सारी नोंद डॉक्टरांच्या खासगी फोनमध्ये, कुटुंबाच्या ग्रुपच्या आणि वाढदिवसाच्या फोटोंच्या मध्ये पडलेली असते. फोन पाण्यात पडला, हरवला, बदलला किंवा आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असले, की संपले.

याचा फटका दोघांनाही बसतो. चुकीचा सल्ला मिळाला हे सिद्ध करायला रुग्णाकडे फक्त स्वतःचा फोन उरतो. ‘मी लगेच दवाखान्यात या असे सांगितले होते’ हे दाखवायला डॉक्टरांकडेही दुसरे काही नसते. सरकारच्या ई-संजीवनी सेवेत ही अडचण बरीच कमी आहे, कारण सल्ला आणि प्रिस्क्रिप्शन त्या यंत्रणेतच नोंदले जाते. फेब्रुवारी २०२३पर्यंत तिथे दहा कोटींहून अधिक सल्ले दिले गेले होते. तरीही माणसे ओळखीच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपकडेच वळतात, कारण तिथे ओळख आहे आणि लॉगिन नाही.

दुसरी बाजू गोपनीयतेची. युनिटच्या ग्रुपवर टाकलेल्या रिपोर्टवर रुग्णाचे नाव, वय, कधी पत्ताही असतो. ग्रुपमधून बाहेर पडलेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या डॉक्टरच्या फोनमध्ये तो फोटो तसाच राहतो. एचआयव्हीसारख्या आजारात तर संमतीशिवाय माहिती उघड करणे २०१७च्या कायद्याने मना आहे. नावावर बोट ठेवून फोटो काढण्याची साधी सवय अनेक तरुण डॉक्टरांनी लावून घेतली आहे. ती सगळीकडे दिसत नाही.

आता रिपोर्ट थेट एआय चॅटबॉटला दाखवणारे रुग्णही आहेत आणि त्याची मदत घेणारे डॉक्टरही. एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही किंवा औषध लिहून द्यायचे नाही, डॉक्टरला मदत मात्र करता येईल, अशी स्पष्ट ओळ २०२०च्या तत्त्वांत आहे. ती लिहिली गेली तेव्हा आजचे चॅटबॉट अस्तित्वातही नव्हते.

पुढे काय?

डॉक्टरांच्या समाजमाध्यमांवरील वागणुकीसह अनेक बाबींचे नवे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये अधिसूचित केले होते. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून वाद झाला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे २००२चीच नियमावली, म्हणजे व्हॉट्सॲपचा जन्म होण्याच्या सात वर्षे आधीची, पुन्हा लागू झाली. दरम्यान, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तेव्हा रुग्णाचा रिपोर्ट ज्या फोनमध्ये पडून आहे त्या फोनला पासवर्ड आहे का, तो घरातील आणखी कोण वापरते आणि जुना फोन विकताना त्यातले काय पुसले, हे प्रश्न एकट्याने छोटा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरलाही विचारले जातील.