हुरडा, पोलेन्ता आणि आपली प्रवासी जीभ

इटलीहून परतलेला मराठी सुशिक्षित तेथील जेवणाविषयी बोलू लागला की ऋतूंच्या भाषेत बोलतो. बस्सानोचे पांढरे अ‍ॅस्परॅगस वसंतातच खावे, आल्बाचे ट्रफल शरदातच, असा त्याचा आग्रह असतो. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्स येऊ घातले तेव्हा, १९८६ साली, झालेल्या निषेधातून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली, हेही तो सांगतो. त्याच्या या रसिकतेबद्दल आमची तक्रार नाही. तोच रसिक पौषात कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला पाहायला येतो आणि दुपारी पनीर बटर मसाला शोधत फिरतो, ही आमची तक्रार आहे.

त्या दिवसांत शिवारात रब्बी ज्वारीची कणसे हुरड्यात आलेली असतात. गोवऱ्यांच्या आरात भाजून तळहातावर चोळलेला हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. त्याआधी मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला लातूर-नांदेडकडच्या शेतांत कडब्याची कोप उभी राहते. तूर, हरभरा, वाल यांच्या ओल्या दाण्यांची भज्जी शिजते, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील माठात असते. पावसाळ्यात तरोटा येतो, अंबाडी येते. प्रत्येकाचे दिवस मोजके. हेच इटलीत दिसले की आपण त्याला संस्कृती म्हणतो. येथे मात्र ते खेडवळ खाणे ठरते.

येथवर माना डोलावणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. ‘हुरडा पार्टी’हून परतून मातीच्या चवीवर भारावून लिहिणारे एक सोयीस्कर विसरतात: ऋतूप्रमाणे खाणे ही गरिबाची आवड नव्हती, ती सक्ती होती. १९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्याने परदेशी लाल मिलो पोटात ढकलला. उत्तर इटलीतही मक्याची पोलेन्ता आज उपाहारगृहात कौतुकाने वाढली जाते. पण एकोणिसाव्या शतकात केवळ तिच्यावरच जगणाऱ्या शेतमजुरांना पेलाग्राने ग्रासले होते. चवीच्या गौरवात ही भूक गाळली, तर उरते ते केवळ पर्यटन.

म्हणूनच ज्वारी सोडून सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याला परंपरेचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांला नाही. पिकाला भाव मिळत नसेल, तर आमच्या जिभेसाठी त्याने ते का राखावे? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या उत्सवात ‘मिलेट’ हा शब्द शहरांत रुळला. आगटी, कोप, आंबील हे शब्द मात्र आमच्या वर्गांत आजही समजावून सांगावे लागतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी प्रवासवर्णने वाचताना एक साधा प्रश्न विचारावा: लेखकाने जे खाल्ले ते कोणी पेरले, कोणी भाजले, आणि त्याच्या स्वतःच्या ताटात त्या दिवशी काय होते? इटलीवरच्या पानांना हा प्रश्न विचारावा, तसाच कंधारवरच्या पानांनाही. किल्ला पाहायला अवश्य यावे, पौषातच यावे. हुरडा मागून खावा, त्याचे पुरते मोल द्यावे, आणि लिहायला बसल्यावर आगटीशेजारी धुरात बसलेल्या बाईला वर्णनातून वगळू नये.