होर्डिंगवर नजर पडावी, होर्डिंग माणसावर पडू नये

अमरावती/अकोला : मृगाचा पाऊस जवळ आला की वऱ्हाडातल्या रस्त्यांवर बियाण्यांचे आणि खतांचे बोर्ड उगवतात. मग शाळा-कॉलेज आणि क्लासेसचे प्रवेश, पोळ्यानंतर कापडाची दुकानं, दिवाळीला मोटारसायकली आणि सोनं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, चांदूर बाजार, वरूड, कोणत्याही तालुक्याच्या नाक्यावर हेच चित्र दिसतं. यात मोठ्या कंपन्या थोड्या असतात. जास्त करून कृषी सेवा केंद्र, दवाखाना, हॉटेल, मंगल कार्यालय चालवणारी गावाकडची माणसं असतात. पदरचे पैसे घालून ती बोर्ड लावतात आणि बोर्ड कुठं लागला तर गिऱ्हाईक येईल, हा प्रश्न त्यांना दरवर्षी पडतो.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : जिथं गर्दी जास्त, तिथं. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. चुकलेल्या अर्ध्या भागात पैसे वाया जातात, आणि कधी कधी जीवही जातो.

गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

सुरत-नागपूर-कोलकाता महामार्गाचा अमरावती-अकोला हा टप्पा देशभर गाजला तो जून 2022 मध्ये. लोणी ते माना या भागात 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. या रस्त्यावर रात्रंदिवस वाहनं असतात, म्हणून इथला बोर्ड भारी, असा समज आहे.

पण यातल्या ट्रकांना गुजरातेतून छत्तीसगडला जायचं असतं. मूर्तिजापूरच्या कृषी केंद्राचा बोर्ड त्या ड्रायव्हरनं शंभर वेळा पाहिला तरी तो बियाण्याची एक पिशवी घेणार नाही. अकोल्याकडून येणारी अमरावतीची गाडी बडनेऱ्याकडे वळते, नागपूरची गाडी बायपासनं सरळ निघून जाते. अमरावतीच्या दुकानदाराला वळणारी गाडी हवी आहे. वळणापुढचा बोर्ड त्याच्यासाठी बिनकामाचा आणि वळणाआधीचा कामाचा. अंतर पाच-सातशे फुटांचं असेल, पण फरक सगळ्या पैशांचा आहे.

समृद्धी महामार्गाचंही तसंच. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून तो जातो. पण रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपणात आहे. मधेच उतरायची सोय नाही, उतरायचं ते इंटरचेंजवर. म्हणून समृद्धीला लागून असलेल्या वावरात बोर्ड लावून गावातल्या धाब्याला फायदा नाही. इंटरचेंजमधून खाली उतरून गाडी गावच्या रस्त्याला लागते, तिथं फायदा आहे.

तेव्हा पहिला प्रश्न "इथून किती गाड्या जातात?" हा नसावा. "माझं गिऱ्हाईक कोणत्या फाट्यावर ठरवतं की कुठं वळायचं?" हा असावा. अंजनगाव सुर्जीच्या माणसाला दर्यापूर, परतवाडा आणि अकोट तिन्हीकडे जाता येतं. त्याचा निर्णय व्हायच्या आधी बोर्ड दिसला तर उपयोग.

साडेपाच सेकंदांचा हिशेब

जाहिरातवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे : 10 फुटांवरून सहज वाचायला 1 इंच उंचीचं अक्षर लागतं. म्हणजे 300 फुटांवरून सहज वाचता यावं तर अक्षर 30 इंच, अडीच फुटांचं हवं. 20 बाय 10 फुटांच्या बोर्डावर अशा तीन ओळी कशाबशा मावतात.

आता वेळ पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी 300 फूट साडेपाच सेकंदांत कापते. 80 च्या वेगाला चार सेकंद मिळतात. समृद्धीवर 120 नं जाणाऱ्या कारला तीन सेकंदही मिळत नाहीत. उलट गतिरोधकापाशी, रेल्वे फाटकाच्या आधी किंवा बाजार समितीच्या गेटच्या रांगेत गाडी 20 वर आली तर हेच अंतर जायला 16 सेकंद लागतात.

म्हणून तालुक्याच्या दुकानदारासाठी गाडी हळू होते ती जागा सगळ्यात चांगली. पण आपल्याकडे होतं काय? चार सेकंदांच्या जागेवर मालकाचा फोटो, दोन मुलांचे फोटो, नऊ वस्तूंची यादी आणि दोन मोबाइल नंबर. चालत्या फटफटीवरून नंबर कोणी लिहून घेत नाही. दुकानाचं नाव, काय मिळतं आणि "फाट्यावरून डावीकडे", एवढं पुरे.

सूर्य, झाडं आणि बंद पूल

जागा पाहायला मालक बहुधा दुपारी जातो. तेव्हा सगळंच दिसतं. पण खेड्यातला माणूस शहरात सकाळी जातो आणि संध्याकाळी परततो. मूर्तिजापूरहून अमरावतीला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी सूर्य असतो. त्याच्यासमोरच्या बोर्डाच्या मागून ऊन येतं आणि बोर्ड काळा दिसतो. संध्याकाळी अकोल्याकडे जाणाऱ्याचं तेच होतं. जागा सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही वेळा गाडीवरून जाऊन पाहावी.

मे महिन्यात मोकळा दिसणारा बोर्ड ऑगस्टमध्ये कडुलिंब-बाभळीच्या पाल्याआड जातो. त्यासाठी रस्त्याकडेचं झाड छाटणं हा उपाय नव्हे, जागा बदलणं हा आहे.

रस्ताही कायमचा नसतो. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल तडा गेल्यामुळे ऑक्टोबर 2022 मध्ये वाहतुकीला बंद झाला. गाड्या दुसऱ्या वाटांनी फिरल्या. अशा वेळी वर्षभराचं भाडं आगाऊ भरलेल्या बोर्डापुढून कोणी जात नाही. करार करताना "रस्ता बंद झाला तर भाडं कमी होईल" ही एक ओळ घालून घ्यायला खर्च येत नाही.

चांगली जागाच घातक का ठरते

इथपर्यंतचा हिशेब पैशांचा झाला. पुढचा त्याहून मोठा आहे.

5 ऑक्टोबर 2018 : पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात रेल्वेच्या जागेवरचा लोखंडी सांगाडा काढताना कोसळला. खाली सिग्नलला रिक्षा आणि गाड्या थांबल्या होत्या. चार जण गेले. 17 एप्रिल 2023 : पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळी पाऊस आला म्हणून लोक होर्डिंगच्या आडोशाला उभे राहिले. होर्डिंग पडलं आणि पाच जण गेले. 13 मे 2024 : मुंबईत घाटकोपरला सुमारे 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. 17 जणांचा जीव गेला. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची होती.

तिन्ही ठिकाणं जाहिरातीच्या नजरेनं उत्तम होती. सिग्नल, महामार्गाची कड, पेट्रोल पंप : माणसं थांबतात अशा जागा. माणूस थांबतो म्हणून बोर्ड वाचतो, आणि थांबतो म्हणूनच बोर्डाखाली सापडतो. या धंद्यातली खरी अडचण ही आहे. गाडी हळू होणारी जागा शोधली की तिथं पानटपरी, ऑटो स्टॅंड, एसटीची वाट पाहणारी माणसं असणारच.

यातून वाट आहे. नजर दूर जाते, पडणारा सांगाडा त्याच्या उंचीइतकाच जातो. बोर्डाचा वरचा काठ जमिनीपासून 30 फुटांवर असेल तर चारही बाजूंनी किमान 30 फुटांत बस थांबा, टपरी, शाळेचं गेट किंवा विजेची तार नको. चौकातच बोर्ड कोंबण्यापेक्षा चौकाच्या 200-300 फूट अलीकडे, मोकळ्या वावरात, हळू होणाऱ्या गाडीच्या समोर लावला तर वाचायला वेळही मिळतो आणि खाली कोणी उभंही राहत नाही.

वऱ्हाडचा वारा, वऱ्हाडची माती

मुंबई-पुण्याच्या गोष्टी इकडे कशाला, असं म्हणून चालणार नाही. 9 एप्रिल 2023 च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारसला, बाबूजी महाराज मंदिराजवळ, वादळात जुना वृक्ष टिनाच्या शेडवर पडला. पावसापासून आडोसा म्हणून आत थांबलेल्या भाविकांपैकी सात जण गेले. तो बोर्ड नव्हता, पण वारा आपलाच होता. एप्रिल ते जून या काळात असा वारा कोणत्याही संध्याकाळी येतो.

ताशी 100 किलोमीटरचा वारा 20 बाय 10 फुटांच्या सपाट बोर्डाला किमान 9 क्विंटलच्या जोरानं ढकलतो. 40 बाय 20 च्या बोर्डावर तो जोर 35 क्विंटलच्या घरात जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून दहा वर्षं साध्या वाऱ्यात टिकलेला बोर्ड एका वादळात जातो.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या दोन-तीन फुटांत काँक्रीट ओतून उभे केलेले खांब दर हंगामात थोडे थोडे हलतात. पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत गेला पाहिजे आणि सांगाड्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पाहिजे. गावातला वेल्डर सांगाडा जोडू शकतो, त्यावर वाऱ्याचा जोर किती येईल ते सांगू शकत नाही. वादळाचा इशारा आला की फ्लेक्सचं कापड उतरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. उघड्या सांगाड्यातून वारा निघून जातो.

सही करण्याआधी

महामार्गाला लागून वावर असलेल्या कास्तकाराकडे एजन्सीची माणसं येतात. धुऱ्यावरच्या एका कोपऱ्याचं वर्षाला भाडं मिळतं, पिकाला धक्का लागत नाही, म्हणून सही होते. पण बोर्ड पडला तर भरपाई कोण देणार? विमा आहे का? करार संपल्यावर सांगाडा कोण काढणार? हे कागदावर नसेल तर पोलिसांचा पहिला फेरा वावराच्या मालकाकडेच येतो.

जागा कोणाची, हेही पाहावं लागतं. रस्त्याकडेची मोकळी पट्टी पुष्कळदा महामार्गाच्या हद्दीत येते. तिथं परवानगीशिवाय उभं केलेलं बांधकाम 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याखाली अतिक्रमण ठरू शकतं. अमरावती आणि अकोला महापालिकेच्या हद्दीत आकाशचिन्हे व जाहिरातींचे 2022 चे नियम लागू आहेत. खेड्यात ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय, दोन्हीकडे लेखी विचारलेलं बरं.

घाटकोपरनंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली. 40 बाय 40 फुटांपेक्षा मोठं होर्डिंग नको आणि इमारतीच्या गच्चीवर नको, असं समितीनं सुचवलं. 2025 मध्ये मंत्रिमंडळानं शिफारशी स्वीकारल्या. बेकायदा फलक हटवण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयानं 2017 मध्येच सविस्तर आदेश दिले होते. तरी नेत्याचा वाढदिवस आला की चौकाचौकांत बांबूवर फ्लेक्स चढतात. ते वळणावरची समोरची गाडी झाकतात आणि पैसे भरून परवानगी घेतलेल्या दुकानदाराचा बोर्डही झाकतात.

नियम तालुक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, वादळ थांबत नाही. एसटीच्या थांब्यावर, शाळेसमोर, आठवडी बाजारात डोक्यावर जो सांगाडा उभा आहे, त्याची परवानगी कोणाची आणि तपासणी शेवटची कधी झाली, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची मनाई नाही. उत्तर लेखी मागावं, आणि मे महिना लागायच्या आधी मागावं.