कुंदगोळची वाट

थोर गवई दिवंगत झाला की आपल्याकडे प्रथम पुतळ्याची वर्गणी गोळा होते. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, जेथे गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या माणसांवर भूकंपाने दगडमातीच्या रुंद भिंती कोसळल्या, त्या किल्लारीच्या माझ्यासारख्या रहिवाशास दगडाच्या चिरंतनत्वाविषयी फारशी श्रद्धा उरू नये, हे स्वाभाविकच आहे. भीमसेन जोशींच्या वारशाचा विचार करताना मला म्हणूनच आठवते ती कुंदगोळची वाट.

1922 साली जन्मलेला गदगचा हा मुलगा, वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला, आणि ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत वणवण केल्यावर विनायकबुवा पटवर्धनांनी त्यास सांगितले, की तू ज्यांच्या शोधात आहेस ते सवाई गंधर्व तुझ्याच मुलखात आहेत. अर्धा हिंदुस्थान पालथा घातल्यावर गुरू सापडला तो आपल्याच धारवाड जिल्ह्यात, कुंदगोळला! तेथे पाणी भरीत, पडेल ते काम करीत, तोडी, मुलतानी आणि पुरिया या तीन रागांवर त्याने वर्षे घालविली. 1952 मध्ये गुरू निवर्तले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू झाला. 2011 नंतर त्या नावात भीमसेनांचेही नाव जोडले गेले, ते उचितच. तथापि भीमसेन हयात असेतो त्या फलकावर गुरूचेच नाव होते, ही आठवण मला अधिक मोलाची वाटते.

मातृभाषा कानडी असलेल्या या गवयाने 'संतवाणी'त मराठी अभंग गाइले, याचे पुण्याच्या रसिकांस नवल. निजामी अमलापासून या दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या आम्हां किल्लारीकरांस ते नाही.

नवल वाटावे ते निराळ्याच गोष्टीचे. आमच्या ज्या जिल्ह्याच्या 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून परगावची मुले शिकवणीसाठी येथे धाव घेतात, त्याच जिल्ह्यातील खेड्यातल्या गळ्याच्या पोरास मात्र आपण पुण्याची गाडी दाखवितो, म्हणजे कुंदगोळ सोडून जालंधर! स्मारकासाठी सरकारदरबारी अर्ज करणाऱ्यांनी त्यातील मजकूर एकवार बदलून पाहावा : तालुक्यास एक गवई नेमावा, त्यास दरमहा तनखा द्यावा, आणि मुलगा वर्षभर एकट्या तोडीत अडकून राहिला तरी दप्तरातून त्याच्या प्रगतीचा तक्ता कोणी मागू नये.