विश्लेषण : जुनी टर्बो सेडान घेताना काय तपासावे?

कांद्याची पट्टी हाती आली की महाळुंगे पडवळसारख्या गावात गाडीचा विषय निघतो. पुणे-नाशिक महामार्ग जवळ असल्याने टर्बो सेडान अनेकांना खुणावते. व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टसची टर्बो पेट्रोल मॉडेल जुन्या बाजारात मिळतात. अलीकडच्या डिझेल सेडान तर टर्बोच असतात. मात्र पारख चुकली तर हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जिरते.

टर्बो का बिघडतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर टर्बो फिरतो आणि जादा हवा इंजिनात दाबून भरतो. त्यामुळे एक लिटरचे इंजिनही मोठ्या इंजिनासारखी ताकद देते. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल वेळेवर बदलले नाही तर त्याचा फटका टर्बोला बसतो. धुळीच्या रस्त्यावर फाटका एअर फिल्टरही तितकाच घातक. म्हणून किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची बिले महत्त्वाची. त्यात ऑइलचा दर्जा आणि तारखा पाहाव्यात.

थंड इंजिन काय सांगते?

मालकाने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. सुरू करताच निळा धूर आला तर ऑइल जळत असल्याची शंका घ्यावी. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट आत जात असू शकते. डिझेल गाडीने भरपूर काळा धूर सोडला तर हवेची गळती किंवा इंजेक्टरचा दोष संभवतो.

चालवून काय कळते?

खेड घाटासारख्या चढावर गाडी न्यावी. हलकी शिट्टी चालते. सायरनसारखा आवाज किंवा ओढ अचानक तुटणे ही धोक्याची खूण. ऑटोमॅटिक गाडी रांगेत हळू चालवताना धक्के देते का, तेही पाहावे. शेवटी मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्यावा. सर्व कोड नुकतेच पुसलेले दिसले तर सावध व्हावे. बीएस-६ डिझेल गाडी केवळ गावातल्या गावात फिरली असेल तर धुराचा फिल्टर तुंबलेला असू शकतो.

कागदपत्रांचे काय?

आरसीवर बँकेचा बोजा, थकीत ई-चलन आणि विम्याचे जुने दावे तपासावेत. चॅसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष पाहावा. नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हे बघावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे परिवहन खात्याचे अधिकृतता प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे, ते मागावे.

नाव बदलले नाही तर?

फॉर्म २९ आणि ३० भरून नोंद बदलून घ्यावी. एकाच राज्यात विकणाऱ्याला १४ आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ही घाई दोघांच्याही हिताची आहे. टर्बोबद्दल शंका असेल तर तो बदलण्याचा खर्च आधी विचारावा, तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी आणि मगच विसार द्यावा.