भोंगा मुका झाला, हे कळणार कसे?

घरातला रेडिओ किंवा टी.व्ही. बिघडला तर ते सांगायला कुणी यावे लागत नाही. गाणे मध्येच थांबते आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, ‘का रे, काय झाले?’ चालू असलेली वस्तू बंद पडली की लगेच कळते. पण जी वस्तू मुळातच गप्प असते, ती बिघडल्याचे कळावे कसे? भुयारी स्थानकात, विमानतळावर, रुग्णालयात, उंच इमारतीत भिंतींवर आणि छताला स्पीकर बसवलेले असतात. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे एकाच प्रसंगाची वाट पाहत असतात. आग लागली, धूर कोंडला, गर्दी उसळली तर त्यांनी बोलायचे. आणि नेमक्या त्याच वेळी ते मुके निघाले तर? वाचकहो, आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

माणसाच्या आवाजाची किंमत किती, हे आधी पाहू. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. तेव्हा लोकल गाड्यांच्या घोषणा करणारे विष्णू झेंडे माईकसमोरून उठले नाहीत. कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे ते लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या धैर्याचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या रात्री माईकपासून फलाटावरच्या भोंग्यापर्यंत आवाज पोचला. वाटेत एक तार तुटलेली असती, तर तेच धैर्य एका बंद खोलीत कोंडून राहिले असते.

याच्या उलट घडलेली गोष्ट लंडनची. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली आणि 31 माणसे दगावली. डेस्मंड फेनेल यांनी त्याची चौकशी केली. स्थानकात घोषणा करण्याची सोय होती, पण त्या संध्याकाळी तिचा वापर झालाच नाही. पुढे न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात लोकांना बाहेर काढण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. नुसती घंटा वाजली तेव्हा लोक रेंगाळत राहिले. काय झाले आहे आणि कुठे जायचे आहे हे माईकवरून स्पष्ट सांगितले, तेव्हा ते तत्परतेने निघाले. घंटेने माणूस दचकतो, पण वाट त्याला शब्दच दाखवतो.

आता यंत्राकडे वळू. साधा स्पीकर फार लांबच्या तारेवर चालवला तर त्याची बरीचशी शक्ती तारेतच जिरते. म्हणून मोठ्या ठिकाणी ॲम्प्लिफायरमधून आवाजाचा दाब 100 व्होल्टपर्यंत चढवून पाठवतात आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तो उतरवतात. दूरच्या गावाला वीज नेण्याची जी युक्ती, तीच इथे. एका तारेच्या जोडीवर असे वीस-पंचवीस स्पीकर सहज बसतात.

या साखळीत बिघाड कुठे होऊ शकतो? पहिली जागा ॲम्प्लिफायरची. तो दिसायला चालू असतो, दिवा जळत असतो, पण आतला एखादा भाग गेलेला असतो. हे ओळखण्यासाठी त्यात सतत एक बारीक सूर सोडून ठेवतात. त्याची कंपने सेकंदाला सुमारे 20 हजार. माणसाच्या कानाची वरची हद्द साधारण तेवढीच आणि वयाबरोबर ती खाली येत जाते. त्यामुळे हा सूर आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राला मात्र येतो. सूर आत गेला आणि बाहेर आला नाही, तर ॲम्प्लिफायर गेला असे समजायचे. मग शेजारी तयार ठेवलेला राखीव ॲम्प्लिफायर त्याचे काम आपोआप उचलतो.

दुसरी जागा तारेची. इथे थोडे गणित आहे. शाळकरी मुलांनी वही घेऊन बसावे. 100 व्होल्टच्या तारेवर 10 वॅटचा एक स्पीकर म्हणजे 1000 ओहमचा विरोध. असे 20 स्पीकर एकमेकांना समांतर जोडले की एकूण विरोध होतो 50 ओहम. मधोमध तार तुटली आणि 10 स्पीकर गेले, तर यंत्राला 100 ओहम दिसतात. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर आकडा जवळजवळ शून्यावर येतो. यंत्रणा बसवतानाच मूळ आकडा मोजून नोंदवून ठेवतात आणि यंत्र त्याच्याशी सतत ताडून पाहते.

पण समजा, शेवटचा एकच स्पीकर तुटला. आता 19 उरले. विरोध होतो सुमारे 52.6 ओहम. फरक जेमतेम 5 टक्के. उन्हातान्हाने, थंडीवाऱ्यानेही आकडा इकडेतिकडे होतोच. मग हा फरक तुटलेल्या तारेचा की हवामानाचा, हे सांगणे अवघड जाते. म्हणून तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक लहान उपकरण बसवतात. तो बारीक सूर टोकापर्यंत पोचला की नाही, एवढेच ते पाहते. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढणे झाले की नाही, हे जसे शेवटी बसलेल्यालाच विचारावे, तसे.

तिसरा बिघाड पावसाळ्यातला. तारेवरचे आवरण खरचटते, ओल शिरते आणि एक तार भिंतीतून जमिनीला लागते. गंमत अशी की त्यामुळे आवाज लगेच बंद होत नाही. दुसरी तारही तशीच लागली की मग सगळेच बंद. म्हणून पहिल्या ओलीलाच यंत्राने ओरडले पाहिजे. चौथी जागा बॅटरीची. आगीत वीज आधी जाते, तेव्हा बोलायचे ते बॅटरीवरच. बॅटरी दिसायला धडधाकट आणि आतून पोकळ, असे फार वेळा होते.

जिथे काळजी जास्त घेतली जाते, तिथे एकाच जिन्यात दोन स्वतंत्र तारा नेतात. एक स्पीकर पहिल्या तारेवर, पुढचा दुसरीवर, असे आलटून पालटून जोडतात. एक तार गेली तर आवाज कमी होतो, पण कोणताही कोपरा पूर्ण मुका राहत नाही.

पूर्वी सगळे ॲम्प्लिफायर एकाच खोलीत एका कपाटात असत. तिथला वायरमन डोळ्यांनी दिवे पाहून काम भागवत असे. आता ते दहा ठिकाणी विखुरलेले असतात आणि संगणकाच्या जाळ्याने, म्हणजे नेटवर्कने जोडलेले असतात. आवाजही त्याच जाळ्यातून जातो. सोय मोठी झाली. कोणता ॲम्प्लिफायर किती तापला, कोणत्या तारेचा विरोध बदलला, हे दूरच्या खोलीत पडद्यावर दिसते. पण एक नवा धोकाही आला. बिघाड झाला की ॲम्प्लिफायर निरोप पाठवतो, हे खरे. पण त्याची नेटवर्कची तारच तुटली असेल तर तो निरोप पाठवणार कसा? पडद्यावर तक्रार येत नाही आणि आपण समजतो, सारे ठीक आहे.

यावरचा उपाय आपल्या गल्लीतल्या राखणदाराकडून शिकावा. तो रात्री ठरावीक वेळाने काठी आपटत फिरतो. त्या आवाजाने कुणी जागे होत नाही. उलट ज्या रात्री काठी ऐकू येत नाही, त्या रात्री शहाणा माणूस उठून खिडकीत येतो. तसेच प्रत्येक ॲम्प्लिफायरने थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असे सांगत राहायचे. हाक चुकली की मुख्य यंत्राने त्यालाच बिघाड मानायचे. काहीच न ऐकू येणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. या सबंध शास्त्राचे सार एवढेच आहे. नेटवर्कची तार गोल फिरवून परत आणली तर एका जागी तुटली तरी निरोप दुसऱ्या बाजूने पोचतो. ही तरतूदही चांगल्या कामात केलेली असते.

युरोपच्या ईएन 54-16 या 2008 सालच्या मानकाप्रमाणे बिघाड झाल्यापासून 100 सेकंदांच्या आत यंत्राने तो दाखवला पाहिजे. पिवळा दिवा लागतो, बझर वाजतो. बझर हाताने गप्प करता येतो, पण बिघाड कायम असेपर्यंत दिवा विझत नाही. भारताच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही उंच इमारतींतल्या घोषणा-यंत्रणेचा विचार केलेला आहे.

आणि इथेच यंत्राची हद्द संपते. 100 सेकंदांत यंत्राने आपले काम केले. पुढे त्या दिव्याकडे कोण पाहणार? पिवळा दिवा महिनाभर जळत असतो. पहिल्या दिवशी पहारेकरी विचारतो, दुसऱ्या दिवशी सवय होते. पुढे बझरवर चिकटपट्टी लावली जाते. नव्या माणसाला तर वाटते, हा दिवा असाच असतो. पहारेकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिव्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो, दुरुस्तीचा खर्च मंजूर करणे त्याच्या हातात नसते आणि त्याचे ऐकायला वर कुणी मोकळा नसतो. ज्याच्या हाती सही आहे, त्याच्याच दारात तो पिवळा दिवा लावला पाहिजे.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, आपण राहतो त्या उंच इमारतीच्या सेक्रेटरींना, मुलांच्या शाळेला, आपण जातो त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना चार प्रश्न जरूर विचारा. आणीबाणीची घोषणा-यंत्रणा आहे का? ती शेवटची कधी बोलली? बिघाडाची नोंद कोणत्या वहीत होते? आणि ती वही वाचून सही कोण करतो? महिन्यातून एकदा खरा माणूस माईकवर बोलू द्या आणि शेवटच्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, स्वच्छतागृहात उभे राहून ऐका. नुसता आवाज येऊन भागत नाही, शब्द कळले पाहिजेत, आणि तेही तिथल्या माणसांच्या भाषेत.

आपल्यातली कितीतरी मुले-मुली आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा किंवा वायरमनचा अभ्यास करतात. त्यांनी स्पीकर जोडण्यावर थांबू नये. जोडलेला स्पीकर मुका झाला हे ओळखणारी यंत्रणा शिकावी, मीटर हाती घेऊन 50 आणि 52.6 मधला फरक पाहावा. तो फरक लहान दिसतो. पण त्या शेवटच्या स्पीकरखाली कुणी आई मूल कडेवर घेऊन वाट विचारत उभी असेल.